मिशन बंगल्यातली मुले

(औंध येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘दक्षिण महाराष्ट्रातील मिशनऱ्यांचे कार्य’. ते कार्य औंधकरांना काय सांगायचे? मिरजेचा दवाखाना या पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नाही? विल्यम वानलेस १८८९ साली आले, १८९४ ला रुग्णालयाची इमारत उभी राहिली, १८९७ ला वैद्यकीय शाळा, १९२८ ला ‘सर’ ही पदवी. कार्याबद्दल आज एवढे पुरे. (मागच्या रांगेतून : “मग घरी जायचं का?” हशा.) नाही, बसावे. खरा विषय आता सुरू होतोय.

प्रस्तुत वक्त्याचे म्हणणे एवढेच आहे, की मिशनऱ्यांचा इतिहास आपण पुरुषांच्या नावाने लिहिला आणि तिथेच चुकलो. तो लिहायचा तर बायकामुलांपासून. वानलेस यांच्याबरोबर त्यांची पत्नी मेरीही आली होती. १९०६ साली ती वारली. वानलेसवाडीचा फलक येता-जाता सगळ्यांनी वाचला आहे. मेरीचे नाव याआधी किती जणांनी ऐकले होते? (दोन हात वर.) दोन.

सुरुवात पहिल्यापासून करू. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी जहाजांनी निघाली. कलकत्त्याला उतरल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना देश सोडायला सांगितले. त्यांतले सॅम्युएल न्यूवेल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसच्या वाटेला लागले. हॅरिएट गरोदर होती. समुद्रातच मुलगी झाली आणि काही दिवसांत गेली. पाठोपाठ ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. वय १९. सॅम्युएल पुढे मुंबईला आले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले.

त्यांचे सोबती गॉर्डन हॉल ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत पोहोचले. मराठी शिकले, मराठीत लिहू-बोलू लागले, संसारही मुंबईतच थाटला. मुलांची प्रकृती ढासळली, तेव्हा १८२५ मध्ये पत्नी मार्गारेटला दोन मुलांसह अमेरिकेला पाठवावे लागले. एक मुलगा वाटेत समुद्रावरच दगावला. इकडे २० मार्च १८२६ ला नाशिक भागातल्या प्रवासात पटकीने खुद्द हॉल गेले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तारा नव्हत्या. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या पत्राला काही महिने लागत. म्हणजे मार्गारेट विधवा झाली आणि महिनोन् महिने तिला ते कळलेच नाही. त्या काळात तिने नवऱ्याला पत्रे लिहिली असतील, मुलाची खुशाली कळवली असेल. (सभागृहात शांतता.) हॉलचा मृत्यू मिशनच्या इतिहासात आहे. मार्गारेटच्या त्या महिन्यांना मात्र कुठल्याही इतिहासात जागा नाही.

याच अंगाने ह्यूम कुटुंब पाहावे. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईला आले. १८५४ मध्ये आजारी होऊन मायदेशी निघाले आणि जहाजावरच वारले. पत्नी हॅना मुलांना घेऊन एकटी अमेरिकेत उतरली. मुंबईत जन्मलेला रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता. तोच मुलगा १८७४ मध्ये परत आला, अहमदनगरला राहिला आणि दुष्काळातल्या कामासाठी त्याला कैसर-ई-हिंद पदक मिळाले. पाठचा भाऊ एडवर्डही परतला. एडवर्डचा मुलगा १८७६ मध्ये नगरला जन्मला, डॉक्टर झाला आणि चीनमध्ये चांगशाला गेला. या लोकांचे ‘घर’ नेमके कुठे होते? मुंबई? कनेक्टिकट? नगर?

आता या सगळ्यातला मोठा पेच. मूल सहा-सात वर्षांचे झाले की आईपुढे प्रश्न उभा राहायचा : मुलाबरोबर अमेरिकेला जाऊन नवऱ्याला सोडायचे, की नवऱ्याजवळ राहून मुलाला पाठवायचे? हगवण, पटकी, ताप यांची भीती होतीच, शिवाय शाळा नव्हती. अमेरिकेत ऑबर्नडेलला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी एक घर उघडले होते. अशा घरांत मुले वर्षानुवर्षे आईवडिलांना न पाहता वाढत. १९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनरी पालकांनी शाळा काढली, तेव्हा अंतर जरा कमी झाले. पण मुले वसतिगृहात ठेवण्याचे दुःख काही संपले नाही.

(एक गृहस्थ : “आणि धर्मांतराचं काय? ते का सांगत नाही?”) सांगायलाच हवे. ही माणसे धर्मप्रसारासाठी आली होती आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्याला विरोध झाला, वाद झाले, आणि त्या वादावर आपल्याकडे कपाटे भरून लिहिलेले आहे. आजची तक्रार त्या वादाविषयी नाही. त्या वादात एक सात वर्षांचे पोर बंदरावर उभे होते, ते दोन्ही बाजूंना दिसले नाही, याविषयी आहे. गृहस्थांनी रागावू नये.

कोल्हापूरकडे वळू, म्हणजे घराजवळच. रॉयल वाइल्डर आणि एलायझा १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले, १८५२ मध्ये कोल्हापूरला गेले. त्यांचा रॉबर्ट २ ऑगस्ट १८६३ ला कोल्हापुरातच जन्मला. पुढे प्रिन्स्टनला शिकत असताना, १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या पुढाकाराने शंभर तरुणांनी परदेशी मिशनला जाण्याची शपथ घेतली. त्या चळवळीतून पुढच्या दशकांत वीस हजारांहून अधिक माणसे जगभर गेली. या शपथेमागे बहीण ग्रेसच्या प्रार्थना होत्या, असे त्या मंडळींत सांगतात. १८८७ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी ग्रेस आणि एलायझा परत इकडे आल्या. पहिल्यांदा आल्याला ४१ वर्षे झालेली ती बाई, नवरा नसताना, कोल्हापूर मुलखात परतली! पुढे मायलेकींनी इस्लामपूरला काम केले. भावाचे नाव जागतिक इतिहासात आहे. इस्लामपूरला मात्र या दोघींविषयी विचारले तर...

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. जस्टिन ॲबट यांच्यावर अर्धा तास ठेवला होता, तो दोन वाक्यांत आटोपतो. मिशनऱ्याचा मुलगा, बालपणात मराठी ऐकलेला. निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून त्याने बहिणाबाई, तुकाराम, रामदास इंग्रजीत नेले. रामदासांवरचा ग्रंथ १९३२ सालचा, म्हणजे सज्जनगडाच्या जिल्ह्याने तरी तो ओळखावा.

(“वेळ झाली!”) झाली. एकच मागणे. सातारा, मिरज, महाबळेश्वर इथल्या जुन्या मिशन दफनभूमींत अजून अक्षरे वाचता येतात. त्यांत बायकांची नावे आहेत, काही महिन्यांच्या मुलांचीही आहेत. शाळा-कॉलेजातल्या पोरांना वही देऊन तिथे पाठवा, एकेक नाव, जन्मगाव, तारीख उतरवून घ्या आणि ती वही औंधच्या वाचनालयात ठेवा. पावसाळ्याच्या आत हे व्हावे.