हाताची विद्या आणि चाकरीचा शोध
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आताच आपण उत्तीर्ण विद्यार्थ्यांना पारितोषिके दिली. त्या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. तथापि टाळ्या वाजविताना आमची नजर सारखी सभागृहाच्या मागील रांगांकडे जात होती. पाच-सहा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर ज्यांचे आपण कौतुक केले, त्यांपैकी कित्येक तरुण आज तेथे मान खाली घालून बसले आहेत. आणि काहीजण तर ‘हल्ली काय करतोस?’ हा प्रश्न चुकविण्यासाठी मेळाव्यास येण्याचेच टाळतात. आजचे आमचे बोलणे त्यांच्याविषयी आहे.

आपला समाज मूळचा तांबटांचा. पुण्याच्या तांबट आळीत आमचे आजोबा तांब्याचे हंडे, घंगाळी व बंब घडवीत. मठारकामाचे ठोके असे पडत की, भांडे पाहून घडविणाऱ्याचा हात ओळखावा. त्या पिढीत कोणी चाकरीसाठी अर्ज लिहिला नाही. भांडे हेच प्रमाणपत्र होते. पुढे घरोघरी ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले, तांब्या-पितळेची मागणी ओसरली, आणि आपल्या मुलांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची व तंत्रनिकेतनांची वाट धरली. हे योग्यच झाले. मात्र पूर्वी हात पाहून माणूस पारखीत. आता कागद पाहून पारखू लागले.

आमचाच अनुभव सांगतो. १९८१ साली यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन आम्ही सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले, आणि पुढे त्या कार्डाचे नूतनीकरण करण्यापलीकडे काही घडले नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर मुंबईत ज्या कारखान्याच्या दारी आम्ही जाऊ, तेथे वीस-वीस वर्षांचे अनुभवी फिटर आमच्या आधीच उभे असत. त्यांचा राग तरी कसा यावा? त्यांच्या घरच्या चुली विझल्या होत्या. एके ठिकाणी आमची मुलाखत तीन मिनिटांत आटोपली. शेजारच्या खोलीत लेथ चालू होता, पण तो चालवून दाखव असे कोणी म्हटले नाही.

अखेर एका कचेरीत आवक-जावक बारनिशी लिहिण्याचे काम पत्करले. पगार वेळेवर होई, मातोश्रींना समाधान वाटे. आम्ही मात्र संध्याकाळी घरी आलो की शेजाऱ्यांची बिघडलेली कुलपे आणि स्टोव्ह उघडून बसत असू. १९८४ साली एका लहानशा कारखानदाराने प्रमाणपत्र बाजूस सारून लोखंडाचा एक तुकडा आमच्या हाती दिला व ‘एवढा लेथवर काढून दाखव’ म्हटले. आमची चाकरी त्या दिवशी सुरू झाली.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येत नाही. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांस, तसेच पंचवीस वा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांस, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. परंतु माणूस तेथूनच घ्यावा असे बंधन घातले नाही. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची सोय केली. परंतु शिकून झाल्यावर त्या उमेदवारास ठेवून घेण्याची सक्ती केली नाही. दार कोठे आहे हे कायद्याने दाखविले. ते उघडणे आतल्याच्या मर्जीवर राहिले.

आज अर्ज मोबाइलवरून जातात, म्हणून रांग दिसत नाही इतकेच. शंभर अर्जांना एक नकारही येत नाही. नकार आला तर माणूस निदान दुसऱ्या दाराकडे वळतो. उत्तरच न आल्यास तो स्वतःच्या योग्यतेविषयी साशंक होतो. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षे व त्यापुढील वयोगटातील बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के आढळले, तर पदवीधरांत तेच १३.४ टक्के. जो अभियंता दारोदार पार्सले पोहोचवितो, त्याची गणना तर बेकारांत होतच नाही.

आता एक कबुली. गतवर्षी आपल्याच समाजातील एक मुलगा आमच्या कारखान्यात आला. आम्ही त्यास तीन वर्षांचा अनुभव मागितला. तो म्हणाला, ‘‘काका, पहिले वर्ष कोणी दिल्यावाचून तिसरे कोठून आणू?’’ आम्हांस उत्तर सुचले नाही, तरीही आम्ही त्यास परत पाठविले. रात्रभर चैन पडले नाही. तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, तेव्हा तो परगावी एका गोदामात पेट्या मोजण्याच्या कामावर रुजू झाला होता. ज्या लेथने आम्हांस उभे केले, तो त्यास दाखविण्याचेही आम्हांस सुचले नाही.

म्हणून संस्थेपुढे नम्र सूचना ठेवतो. आपल्या वधू-वर सूचीत उंची, पगार आणि स्वतःचे घर यांचे रकाने आहेत. हातात विद्या कोणती, याचा रकाना नाही. संस्थेने तरुणांच्या कौशल्याची एक नोंदवही ठेवावी. कारखानदार सभासदांनी उमेदवारास निदान एक दिवस काम करून दाखवू द्यावे, आणि होकार वा नकार पंधरा दिवसांत लेखी कळवावा. दुसऱ्याचा हक्क डावलून आपला माणूस चिकटवावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पारख व्हावी, एवढेच मागणे आहे. आणि आमच्या दारी ती कोणत्याही ज्ञातीच्या मुलास मिळेल.

माता-भगिनींस विनंती की, घरातील मुलगा चाकरी शोधीत असता चार पाहुण्यांदेखत त्याचा हिशेब मागू नये. तो शोधही श्रमच आहे.

आरंभ आम्ही आमच्यापासून करतो. येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी आमच्या कारखान्यातील एक लेथ मोकळा राहील. ज्यास येणे असेल त्याने यावे. प्रमाणपत्र आणण्याचे कारण नाही. त्या गोदामातील मुलासही आम्ही पत्र धाडले आहे. तो येईल की नाही, हे त्याने ठरवावयाचे आहे.