चौकाचा धनी कोण?

(नाशिकच्या द्वारका परिसरातील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, तो द्वारका चौक नाशिककरांना वर्णन करून सांगण्याची गरज नाही. टाकळीकडून, वडाळा नाक्याकडून, सारडा सर्कलकडून आणि काठे गल्लीकडून येणारी माणसे येथे रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळत उभी राहतात. त्यांच्या डोक्यावरून २०१३ मध्ये खुला झालेला उड्डाणपूल जातो. पादचाऱ्यांसाठी येथे भुयारी मार्ग बांधला गेला आणि तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. २०२५ मध्ये चौकातील वाहतूक बेट हटवण्यात आले. पूल झाला, भुयार झाले, बेट गेले; पायी चालणाऱ्याचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

या चौकाचा कारभार कोणाकडे आहे, असा साधा प्रश्न एखाद्या नागरिकाने विचारला, तर त्याला काय उत्तर मिळेल? उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. पुलाखालच्या वस्तीतील गटारे, दिवे आणि झाडलोट महापालिकेची. वाहतुकीचे नियमन शहर पोलिसांचे. वीज महावितरणची. बस महापालिकेच्या परिवहन कंपनीची. परंतु ती चालवणारा ठेकेदार वेगळा आणि तिच्यावर वाहक पुरवणारा आणखी वेगळा. असा हा बारभाईचा कारभार आहे. अपघात झाला की प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे दाखवण्यासाठी एक बोट शिल्लक असते. पैसा, यंत्रे आणि अभियंते यांचा येथे तुटवडा आहे असे नव्हे. तुटवडा आहे तो नागरिकाला उत्तर देण्यास बांधलेल्या एका सत्तेचा. ती सत्ता घटनेने नगरपालिकेला आणि महानगरपालिकेला दिली होती. ती कोणत्या वाटेने निसटत गेली, हे समजून घेतल्याशिवाय स्थानिक स्वराज्याचे राजकारण करता येणार नाही.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्याच्याही आधीची. परकीय राजवटीत मर्यादित मताधिकारावर का होईना, परंतु गावचे पाणी, दिवे आणि रस्ते यांचा विचार गावच्या माणसांनी एकत्र बसून करावा, ही सवय या संस्थांनी लावली. पुढे ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. या नव्या संस्थेची पहिली निवडणूक झाली ती मात्र १९९२ मध्ये. म्हणजे महानगरपालिकेचा जन्मच प्रशासकाच्या मांडीवर झाला आणि तिची पहिली नऊ वर्षे तेथेच गेली.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, ती अशाच अनुभवांतून. अनुच्छेद २४३-यू नुसार नागरी संस्थेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन टाळता येणार नाही असे बजावले. तरीही नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर शहर पुन्हा प्रशासकाच्या हाती गेले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. इतर मागासवर्गीयांचे राजकीय आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वाद हे विलंबाचे कारण म्हणून सांगितले जाते. आरक्षणाची मागणी न्याय्य आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी लागणारी माहिती वेळेवर गोळा करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य होते. ते न करता सामाजिक न्यायाचे नाव पुढे करून लोकशाही लांबणीवर टाकली गेली. दोन्ही कालखंडांची बेरीज केली तर महापालिकेच्या सुमारे त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील तेरा वर्षे लोकप्रतिनिधींवाचून गेली. एखाद्या राज्याची विधानसभा इतकी वर्षे बंद राहिली असती तर देशभर काहूर उठले असते. महापालिकेच्या बाबतीत बहुसंख्य नागरिकांच्या दिनक्रमात काही बदलले आहे असे त्यांना जाणवलेही नाही. लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांनी ज्याची अधिक चिंता करावी, ती ही गोष्ट आहे.

लोकांना फरक का जाणवला नाही? याचे पहिले उत्तर अर्थकारणात सापडते. ज्याच्या हाती तिजोरी त्याच्या हाती सत्ता, हा राज्यशास्त्राचा जुना नियम आहे. महापालिकेचे मुख्य उत्पन्न एकेकाळी जकातीचे होते. जकात हा चांगला कर नव्हता. तिचा बोजा गरिबाच्या मीठमिरचीवरही पडे, नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत आणि भ्रष्टाचाराला कुरण मिळे. ती गेली याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु ती जाताना तिची जागा कोणी घेतली, ते पाहिले पाहिजे. नाशिकमध्ये २०१३ साली जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर त्याचा उरलेला अंशही संपला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते आणि तीत दरवर्षी आठ टक्के वाढ करते. रक्कम लहान नाही, हे मान्य केले पाहिजे. पण स्वतः वसूल केलेला कर आणि दुसऱ्याने दिलेले अनुदान यांत मोठा भेद आहे. कर देणारा हिशेब मागतो. अनुदान देणारा निष्ठा मागतो. देशातील सर्व नागरी संस्थांचे एकत्रित उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का इतकेच आहे. एवढ्या तुटपुंज्या पायावर बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांचा भार पेलावा अशी अपेक्षा करणे म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगणे होय.

दुसरे उत्तर सत्तेच्या वाटणीत आहे. महापालिकेच्या १९४९ च्या अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांचे असतात आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. सभागृहाकडे धोरण, अंदाजपत्रक आणि देखरेख. या वाटणीवर गेल्या काही वर्षांत नवे थर चढले. स्मार्ट सिटीसाठी वेगळी कंपनी झाली. महानगर प्रदेशासाठी वेगळे विकास प्राधिकरण झाले. २०२७ च्या सिंहस्थासाठी २०२५ मध्ये विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कुंभमेळा प्राधिकरण निर्माण झाले. मोठा उत्सव पार पाडायचा तर समन्वय हवा, यात शंका नाही. परंतु तपोवनातील झाडे साधुग्रामासाठी तोडण्याचा प्रश्न नोव्हेंबर २०२५ मध्ये उभा राहिला, तेव्हा नागरिकांना हरकतींचे अर्ज घेऊन कार्यालयात जावे लागले आणि झाडांखाली जमावे लागले. तो प्रश्न ज्या सभागृहात गाजायला हवा होता, ते सभागृहच अस्तित्वात नव्हते.

मात्र सगळा दोष प्रशासकावर टाकून मोकळे होता येणार नाही. द्वारकेपासून फारशा लांब नसलेल्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन किमान २२ कोरोना रुग्णांचे प्राण गेले. रुग्णालय महापालिकेचे होते. टाकीचा पुरवठा आणि देखभाल ठेक्याने दिलेली होती. त्या वेळी सभागृह लोकनियुक्त होते, महापौर होते, स्थायी समिती होती. निवडून आलेली माणसे असणे ही जबाबदार कारभाराची आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नाही, हा त्या दिवसाचा कठोर धडा आहे. सार्वजनिक सेवेचे एकेक अंग ठेक्यावर गेले की नगरसेवकाच्या हाती देखरेखीऐवजी निविदा उरते. घंटागाडीवरील कामगार असो की सिटीलिंक बसचा वाहक, तो काम शहराचे करतो आणि वेतन ठेकेदाराकडे मागतो. जुलै २०२१ मध्ये महापालिकेने शहर बस आपल्याकडे घेतल्यापासून थकलेल्या वेतनासाठी वाहकांनी वारंवार काम बंद केले. बस थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाचा रोष त्या वाहकावर निघाला. ठेक्याच्या पद्धतीने खर्च वाचतो की नाही हे हिशेबाने ठरवता येईल. जबाबदारी वाचते, हे मात्र अनुभवाने ठरले आहे.

आता एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. १ एप्रिल २०१८ पासून नाशिकमध्ये मालमत्तांच्या करयोग्य मूल्याचे दर वाढवण्यात आले आणि मोकळ्या जमिनीही करआकारणीच्या कक्षेत ओढल्या गेल्या. शहरभर आंदोलन झाले. आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव आणण्याची तयारी झाली. तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे घेतला गेला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आयुक्तांची बदली झाली. सभागृहाला विश्वासात न घेता केलेली ती वाढ लोकशाहीला धरून नव्हती. शहराच्या हद्दीत अजूनही शेती कसणाऱ्यांची तक्रारही रास्त होती. तथापि त्या गदारोळात एक प्रश्न बुडाला: कर कोणावर आणि किती? उड्डाणपूल, रुंद रस्ते आणि जलवाहिन्या सार्वजनिक पैशाने होतात. त्यामुळे वाढलेली जमिनीची किंमत मात्र भूखंडधारकाच्या खिशात जाते. ही न कमावलेली वाढ करपात्र असावी, हे अर्थशास्त्रातील जुने आणि सर्वमान्य तत्त्व आहे. दोन खोल्यांच्या घरमालकाला पुढे उभे करून त्याच्या आडून मोठा भूखंडधारक सुटत असेल, तर त्या करविरोधात समाजवाद्यांनी सामील होण्याचे कारण नाही.

व्हिएन्ना शहराची साक्ष येथे काढण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला. साध्या बिऱ्हाडाला तो नाममात्र होता आणि आलिशान वाड्याला भारी. १९३४ मध्ये हुकूमशाहीने ती नगरपालिका उखडून टाकली. तोवर तिने कामगारांसाठी साठ हजारांहून अधिक घरे उभी केली होती. उत्तम सार्वजनिक सेवा हवी आणि कर नको, असे त्या चळवळीने लोकांना कधी सांगितले नाही.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांनाही नगरपालिका परकी नव्हती. नानासाहेब गोरे १९६७-६८ मध्ये पुण्याचे महापौर होते. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. नळाच्या प्रश्नात त्यांना राज्यव्यवस्थेचा प्रश्न दिसला. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तिचे मर्म हेच होते की खालचा खांब वरच्याच्या मेहेरबानीवर उभा राहू नये. त्यानंतर चळवळीचे लक्ष विधानसभा आणि लोकसभेकडे अधिक गेले. प्रभागातले काम म्हणजे दाखले काढून देणे आणि तक्रारी पोहोचवणे, एवढाच त्याचा अर्थ उरला. मध्यस्थाच्या या कामाने माणसे उपकृत होतात, संघटित होत नाहीत.

मग काय करावे? २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेचे शहरातील हे भावंड कायद्याच्या पुस्तकात निजून आहे. कार्यकर्त्यांनी त्याला उठवले पाहिजे. ज्या प्रभागात आपला नगरसेवक नाही तेथे मागणी करून आणि आहे तेथे स्वतः पुढाकार घेऊन ही सभा भरवता येईल. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सांगते की माहिती न मागताही जाहीर व्हावी. त्याच्या आधारे प्रभागातील प्रत्येक ठेक्याची रक्कम, मुदत, कामगारांची संख्या आणि वेतन मराठीत फलकावर लागले पाहिजे. बारमाही कामाला कायम कामगार हा आग्रह सोडता कामा नये. अंदाजपत्रकाच्या वेळी सवलतींची यादी देऊन थांबू नये; छोट्या घराला दिलासा आणि मोठ्या मालमत्तेला चढता दर असा पर्यायी करप्रस्ताव आकड्यांसह द्यावा. आणि द्वारकेसारख्या चौकासंबंधी महामार्ग प्राधिकरण, पोलीस, महावितरण व महापालिका यांचे अधिकारी प्रभाग समितीपुढे एकाच दिवशी, एकाच टेबलावर नागरिकांसमोर बसावेत, अशी मागणी लावून धरावी.

ही कामे लहान आहेत. त्यांतून वृत्तपत्रांत मथळे होणार नाहीत. परंतु निवडणुकीने सभागृह परत आले म्हणजे सत्ता परत आली, असे समजणे आत्मवंचना ठरेल. सभागृहाला तिजोरी, यंत्रणा आणि जागरूक मतदार लाभला, तरच ते स्वराज्याचे सभागृह होईल. मुलाचा हात धरून काठे गल्लीच्या बाजूने द्वारका ओलांडू पाहणाऱ्या आईला हा चौक सुरक्षित का नाही हे नेमके कोणाला विचारायचे ते ठाऊक असेल, आणि ज्याला ती विचारील त्याला उत्तर देणे भाग पडेल, त्या दिवशी स्वराज्य या चौकापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.