लेहचे पहिले दोन दिवस आणि रक्ताची मालवाहतूक

फौजेत असताना माझी बरीच वर्षं डोंगरात गेली, त्यामुळे लडाखला निघालेली माणसं मला हमखास विचारतात, "तिकडे ऑक्सिजन कमी असतो ना?"

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण पुण्यात, इंदूरला आणि लेहला सारखंच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब. लेह साधारण ११,५०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो, आणि फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात शिरतो तो याच दाबाच्या जोरावर.

शंभर मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन नुसता विरघळतो तो जेमतेम ०.३ मिलिलिटर. बाकीचा, म्हणजे जवळजवळ २० मिलिलिटर, तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन वाहून नेतं. परतीच्या फेरीत कार्बन डायऑक्साइड येतो. त्यातला सुमारे ७० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात येतो, काही हिमोग्लोबिनला चिकटून, तर थोडा विरघळून.

गंमत बघा. जो स्नायू राबतो तिथे कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडतं. डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी हे १९०४ मध्ये दाखवलं. जिथे गरज, तिथेच माल उतरतो.

आता उंचीवर काय होतं? ऑक्सिजन कमी पडतो म्हणून आपण भराभर श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो. मेंदू श्वासाचा वेग मुख्यतः त्याच्यावरूनच ठरवतो, म्हणून तो ब्रेक लावतो. रात्री झोपेत श्वास अडखळतो, दचकून जाग येते, ती यामुळे. मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे काढून टाकतात, तेव्हा हा ब्रेक सैल होतो. त्याला काही दिवस लागतात. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही यात सवलत नाही.

१९६२ च्या युद्धात मैदानातले जवान घाईनं उंचीवर न्यावे लागले. पुढे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी शेकडो आजारी जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. फौजेचा आजचा नियम साधा आहे: पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांती.

तुम्ही विमानानं दोन तासांत लेहला उतरता. तेव्हा पहिले दोन दिवस खार्दुंगला नको, दारू नको, झोपेची गोळी नको. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, चाल अडखळली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन लावा, दवाखाना गाठा आणि त्याला लवकरात लवकर खाली न्या. सोबत्याचं ऐकू नका. तो "मी ठीक आहे" असंच म्हणणार.