भूदृश्य, नेयदल आणि राष्ट्र



राष्ट्र डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून गेल्या दोन शतकांत अनेक देशांनी निसर्गचित्राचा, म्हणजे भूभाग हाच ज्याचा मुख्य विषय असतो अशा चित्राचा, आधार घेतला. टॉमस मोरानने रंगवलेले यलोस्टोनच्या दरीचे भव्य चित्र अमेरिकी संसदेने १८७२ मध्ये, म्हणजे तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला त्याच वर्षी, १०,००० डॉलरला विकत घेतले, आणि जिथे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते ती भूमी अस्पर्श अरण्य म्हणून राष्ट्राच्या खाती जमा झाली.

भारतात तसे घडले नाही. चेन्नईजवळच्या कोवलमच्या दक्षिणेस असलेल्या मामल्लपुरमची शिल्पे टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस चितारली, आणि तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने छटा उमटवून छापलेल्या त्यांच्या १४४ चित्रांच्या मालिकेने (१७९५–१८०८) इंग्रजी दिवाणखान्यांत भारताची भग्न, रम्य आणि काहीशी झोपाळू अशी प्रतिमा रुजवली. पुढे स्वदेशीच्या काळात अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्ये ‘भारतमाता’ रंगवली, तेव्हा राष्ट्राला त्यांनी डोंगर-नद्यांचे नव्हे, तर चतुर्भुज स्त्रीचे रूप दिले. निसर्गचित्र मात्र प्रदेशाशीच बांधलेले राहिले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या परिसराचा बदलता प्रकाश टिपत राहिले. हे अपुरेपण नव्हे, उलट भारतीय चित्रकलेच्या सुदैवाचा भाग होता, असे म्हणण्यास जागा आहे.

कारण कोवलमच्या ज्या किनाऱ्यावर हा पदवीदान समारंभ होत आहे, त्याच्याकडे पाहण्याची एक फार जुनी रीत तमिळ काव्यशास्त्रात आहे. संघम काव्यात भूमीचे पाच प्रकार, म्हणजे ‘तिणै’, मानले जातात, आणि त्यांतील ‘नेयदल’ हा समुद्रकाठ केवळ वाळू आणि पाणी नसून त्यात मासेमारी करणारे परदवर, त्यांचे देव, तिथली फुले-पाखरे आणि विरहातली व्याकूळ प्रतीक्षा हे सारे एकत्र येते. रिकामे भूदृश्य या व्यवस्थेत बसतच नाही (युरोपीय समीक्षकाला कदाचित ती गर्दी वाटेल).

याच किनाऱ्यावरच्या मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांची सुरुवातीची ख्याती जलरंगातील निसर्गचित्रांवर उभी होती, परंतु १९६३ नंतरच्या ‘शब्द आणि प्रतीके’ या मालिकेत त्यांनी दृश्य बाजूला सारून लिपीसदृश अक्षरे, आकृत्या आणि कोष्टके कॅनव्हासवर मांडली. १९६६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोवलमच्या उत्तरेस, इंजंबाक्कमच्या किनाऱ्यावर, चोळमंडल कलाग्राम उभे राहिले, ज्याचे नावच चोळांच्या भूमीवरून घेतलेले आहे. सरकारी आश्रयाची वाट न पाहता तिथल्या चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून स्वतःचा चरितार्थ चालवला. भारतीय आधुनिकता म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी राष्ट्राचा देखावा रंगवून सोडवला नाही. किनाऱ्यावर घरे बांधून, तिथे राहून आणि काम करून तो हाताळला, आणि हा मार्ग मोरानच्या मार्गापेक्षा अधिक कष्टाचा होता.