घरातला संगणक : घाई नको, लाज नको



आज बोलायचे आहे ते एका पाहुण्याविषयी. आला तेव्हा पाहुणा होता. आता घरचाच होऊन बसला आहे. शाळेच्या कार्यालयात तो आहे, ग्रामपंचायतीत आहे, आणि मुलगा शिकायला पुण्याला गेला की त्याचा जुना संगणक गावाकडच्या घरी, कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसतो. त्याच्यावर कुणी रुमाल पांघरतो, कुणी हळदीकुंकू वाहतो. पण तो रुसला म्हणजे काय करायचे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

मी काही मोठा तज्ज्ञ नव्हे. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. शाळेत संगणक आले तेव्हा ‘गणिताचे गुरुजी आहेत, त्यांनाच द्या’ म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्या हाती आली. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या तक्रारी माझ्या ओट्यावर येतात. त्यांतल्या नेहमीच्या तेवढ्या आज घेतो. शेवटी माझ्या स्वतःच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला बरे वाटणार नाही. पण ती सांगण्यासाठीच खरे तर आज मी इथे आलो आहे.

पहिली तक्रार अशी. ‘गुरुजी, काल रात्रीपर्यंत संगणक नीट होता. आज कुठलेच संकेतस्थळ उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही, असं इंग्रजीत लिहून येतं. व्हायरस शिरला का हो?’ मी एवढेच विचारतो, ‘पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?’ उत्तर येते, ‘१ जानेवारी; आणि सालही बारा-पंधरा वर्षांमागचं!’

झाले, रोग सापडला. प्रत्येक चांगल्या संकेतस्थळाजवळ ओळखीचे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. आपल्या संगणकाला बारा वर्षांपूर्वीचा दिवस वाटत असेल, तर तो म्हणतो, ‘या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, मी कसा विश्वास ठेवू?’ बिचाऱ्याचे बरोबरच आहे! संगणकाच्या पोटात घड्याळ चालवण्यासाठी नाण्याएवढा एक सेल असतो. बाजारात त्याला सीआर २०३२ म्हणतात. आपल्याकडे रात्री मुख्य बटण बंद करण्याची सवय, शिवाय वीज जाते ती वेगळीच. तेवढा वेळ घड्याळाचा भार त्या एकट्या सेलवर पडतो आणि चार-पाच वर्षांत तो थकतो. घड्याळजीकडे तो थोड्या रुपयांत मिळतो. वीज तोडून, जाणत्याकडून बदलून घ्या आणि तारीख नीट लावा. मात्र एक ध्यानात ठेवा. तारीख बरोबर असूनही तीच सूचना आली, तर ‘पुढे जा’ असे बटण दाबू नका. तेव्हा ती सूचना खरीच असू शकते.

दुसरी तक्रार, संगणक बैलगाडीसारखा चालतो. इथे पहिले औषध साधे आहे. बंद करून चालू करण्याऐवजी त्यातले ‘रीस्टार्ट’ वापरा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केले तरी, लवकर सुरू व्हावे म्हणून संगणक कालचे काही सामान मनात धरूनच झोपतो. ‘रीस्टार्ट’ केले म्हणजे पाटी पूर्ण कोरी होते. दुसरे, डिस्क काठोकाठ भरली आहे का, ते पाहा. कणगी गळ्यापर्यंत भरली तर हात घालायला जागा उरत नाही, तसेच हे. तिसरे, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर आठ वर्षांचा संगणकही तरुण होतो. नवा घेण्याआधी हे करून पाहा. आणि विंडोज १० असेल तर हे माहीत असू द्या की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा आधार संपला. संगणक चालेल, पण नवी भगदाडे बुजवायला गवंडी येणार नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे बरे.

आता खास शिक्षक बंधुभगिनींसाठी. ‘जुनी प्रश्नपत्रिका उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडली का?’ नाही, बिघडलेली नाही. संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. पूर्वीच्या मराठी फाँटांत आतला अंक इंग्रजी अक्षराचाच असे आणि त्यावर मराठी अक्षराचा अंगरखा चढवलेला असे. तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे अंगरखा गळून पडतो आणि आतले इंग्रजी उघडे पडते. युनिकोडची तऱ्हा निराळी. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तीत देवनागरीलाही स्वतःची जागा मिळाली. ‘अ’ चा क्रमांक २३०९, ‘क’ चा क्रमांक २३२५. हा क्रमांक नागपुरात तोच, लंडनमध्येही तोच. म्हणून यापुढे जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यात स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पंधरा दिवस नेटाने सराव केला की बोटे आपोआप वळतात.

जुना मजकूर बदलून देणारी साधने मिळतात. पण बदललेला मजकूर एकदा वाचून काढा, कारण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची हमखास गल्लत होते. आणि मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असलेली यादी कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर बदलायला टाकू नका. मुलांची माहिती ही पालकांनी आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे.

चौथी गोष्ट पेन ड्राइव्हची. आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक होते. गुणपत्रके छापायला ते बाहेरच्या दुकानात गेले. परत येऊन पाहतात तो सगळे फोल्डर नाहीसे, त्यांच्या जागी शॉर्टकटची चित्रे! घाबरले. दुसऱ्या संगणकात लावून पाहिले, मग तिसऱ्यात. कुणाला बोलले नाहीत. आठवड्याने माझ्या खोलीतल्या बाराही संगणकांना तीच लागण झाली, तेव्हा मला कळले. आणि गंमत अशी की, फाइली कुठेच गेल्या नव्हत्या! त्या व्हायरसने त्या नुसत्या लपवल्या होत्या. ‘व्ह्यू’ मध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याची सोय असते. ती वापरावी आणि त्यानेही न दिसल्या तर जाणत्याला दाखवावे. पण त्या शॉर्टकटवर टिचकी मारू नये आणि घाईने फॉर्मॅट तर मुळीच करू नये. पहिल्याच दिवशी ते माझ्याकडे आले असते, तर दहा मिनिटांचे काम होते. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर ठेवा आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर ठेवा. मग पेन ड्राइव्ह गेला तरी झोप जात नाही.

त्या शिक्षकांना मी रागावलो नाही. पण मनात म्हटले, ‘एवढ्यातेवढ्यासाठी कुणी लपवतं का?’ श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. यजमान गेल्यावर ती एकटी राहते. दोन म्हशी आहेत. दुधाचे पैसे बँकेत साठतात. नातवाशी पडद्यावर बोलता यावे म्हणून त्याने आपला जुना संगणक तिला आणून दिला. एके दुपारी भजने शोधताना पडदा अचानक लाल झाला आणि भोंगा वाजू लागला. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, बंद करू नका, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा,’ असे मराठीत लिहिलेले. तिने फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, ‘मावशी’ म्हणाला. त्याने तिच्याकडून एक प्रोग्रॅम घालून घेतला. या प्रोग्रॅमने दुसऱ्या गावी बसून आपला संगणक चालवता येतो. मग दुरुस्तीचे अवघे दहा रुपये भरायला म्हणून बँकेचे पान उघडायला लावले. मोबाइलवर आलेला ओटीपीही तिने वाचून दाखवला. ४८,००० रुपये गेले. दोन वर्षांचे दूध गेले म्हणा.

आता पाहा, संगणकाला झाले काय होते? काहीच नाही. ते नुसते एक पान होते, पडदाभर पसरलेले. आल्ट आणि एफ-४ या दोन कळा एकदम दाबल्या असत्या, किंवा पॉवरचे बटण दहा सेकंद धरून ठेवले असते, तरी सारे संपले असते. खरा संगणक भोंगा वाजवून फोन नंबर देत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

पण मला खरे लागले ते पुढचे. अक्का चार दिवस कुणाला बोलली नाही. पाचव्या दिवशी मी सहज गेलो, तेव्हा चुलीपुढे बसून रडत होती. मी म्हटले, ‘अक्का, अगं मला एक फोन का नाही केलास?’ ती म्हणाली, ‘तू गुरुजी. संगणकाचं सगळं गाव तुला विचारतं. तुझीच बहीण फसली असं लोकांना कळलं तर तुझं काय राहिलं, म्हणून नाही बोलले.’

त्या दिवशी तक्रार नोंदवली. पण तोवर पैसा या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी कुठे, असा पांगला होता. एक रुपयाही परत आला नाही. त्याच सुमारास आमच्या बाजारपेठेतला एक किराणा दुकानदार असाच फसला होता. त्याने अर्ध्या तासात फोन केला आणि त्याची बरीचशी रक्कम वाटेतच अडवली गेली. दोघेही सारखेच फसले. फरक पडला तो चार दिवसांनी.

म्हणून आता जे सांगतो ते लिहून घ्या. कागद-पेन्सिल नसेल तर पाठ करा. पैसे गेले की पहिला फोन १९३० या क्रमांकावर. हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. लगेच बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. संगणकाचे इंटरनेट तोडा, पासवर्ड दुसऱ्या साधनावरून बदला. आलेले संदेश आणि क्रमांक पुसू नका. तोच पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात वेळेचे हेच महत्त्व सांगितले होते. ग्राहकाचीही चूक नाही, बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही. आणि ग्राहकाची स्वतःची चूक असली, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक झाली तरी कळवण्याने फायदाच.

चोराची सोंगे पुष्कळ. कुणी पोलिसाच्या गणवेशात पडद्यावर येऊन ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. कुणी व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा शेतकरी योजनेच्या नावाने एपीके फाइल पाठवतो. अहो, पत्रिका हे चित्र असते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. कुणी म्हणतो, पैसे पाठवतो, पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि बँकेचा पत्ता पाहायचा तर शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आली आहेत.

सोंगे बदलतील. उद्या नवे येईल, ते मला आज ठाऊक नाही. पण प्रत्येक सोंगात दोन गोष्टी असतात, त्या ओळखा. एक, ‘आत्ताच्या आत्ता करा.’ दुसरी, ‘घरात कुणाला सांगू नका.’ घड्याळाचा सेल संपो, पेन ड्राइव्ह रुसो, संगणकाचे कुठलेही काम तासभर थांबू शकते. घाई असते ती चोराला.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या पालकसभेत पाच मिनिटे यासाठी काढा. फळ्यावर १९३० एवढे लिहा. आणि मुलांना सांगा की, आजीच्या हातून चूक झाली तर हसू नका, रागावू नका. आधी फोन लावा. ज्या घरात हसतात, त्या घरात माणसे लपवतात.

अक्काचा संगणक अजून आहे. त्याच्यावर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर १९३० आणि माझा क्रमांक आहे. परवाच तिचा फोन आला, ‘अरे, पडद्यावर काहीतरी लाल आलंय, मी हात लावलेला नाही, तू ये.’ मी सायकल काढली. जाऊन पाहतो तो नुसती जाहिरात होती. पण त्या फोनने मला जो आनंद झाला, तो कसा सांगू!

तेव्हा श्रोतेहो, घाई करू नका आणि काही झाले तर लपवू नका.