लेखणी आणि वस्ती

आम्ही वर्ध्याच्या चौघी जणी मंडळीच्या मासिकासाठी लिहितो. यंदा वस्तीतल्या बायकांसाठी सेवाकार्य सुरू केलं आणि लेखणी मागे पडली. लिहायला बसलं की वाटायचं, वस्तीत कुणी आपली वाट पाहत असेल. वस्तीत गेलं की अर्धा राहिलेला लेख आठवायचा.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. निराधार मुलीबायकांना त्यांनी केडगावला नेलं, सांभाळलं. त्या सगळ्या धबडग्यात त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. छापखान्यातलं कामही तिथल्याच मुलीबायका शिकल्या. १९२२ मध्ये बाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

म्हणजे लेखन आणि सेवा त्यांनी एकाच छपराखाली ठेवली. आम्हीही आता लेख आधी वस्तीत वाचून दाखवतो. कळला नाही तर पुन्हा लिहितो. लेख कमी झालेत, हे खरं. पण परवा एक आजी म्हणाल्या, "पोरींनो, आता माझं लिहून घ्या." बुधवारी वही घेऊन त्यांच्याकडेच जाणार आहोत.