लाभांशाचें उत्पन्न

नोकरी संपली कीं पगार थांबतो. वाण्याचें व दूधवाल्याचें बिल थांबत नाहीं. ज्या घरांत निवृत्तिवेतन नाहीं, तेथें हा प्रश्न पन्नाशीच्या सुमारास झोप उडवूं लागतो. मागच्या पिढीनें दोन खोल्या भाड्यानें देऊन, पोस्टांत पैसे ठेवून किंवा थोडें सोनें घेऊन त्याचें उत्तर काढलें. आतां आणखी एक उत्तर सांगितलें जातें: चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवावे आणि लाभांशावर संसार चालवावा. उत्तर खोटें नाहीं; परंतु सांगणारे सांगतात तितकें तें सोपेंही नाहीं.

लाभांश म्हणजे व्याज नव्हे. बँकेंत ठेव ठेवणारा धनको असतो. ठरलेलें व्याज हा त्याचा हक्क असतो. भागधारक हा मालकांपैकीं एक. धंद्यांत नफा झाला, यंत्रांची झीज वजा जातां कांहीं उरलें, आणि संचालकांना तें वांटावेंसें वाटलें, तर त्याला वांटा मिळतो. कधीं कधीं संचालकांची इच्छा असूनही त्यांचे हात बांधलेले असतात. १७ एप्रिल २०२० रोजीं, कोरोनाच्या साथींत, रिझर्व्ह बँकेनें २०१९-२० सालच्या नफ्यांतून आणखी लाभांश देण्यास बँकांना मनाई केली आणि डिसेंबरांत ती कायम केली. ज्यांच्या संग्रहांत निव्वळ बँकांचेच शेअर होते, त्यांचें वर्षअखेरचें उत्पन्न कोणाचाही दोष नसतां आटलें.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. कंपन्या लाभांश शेअरच्या दर्शनी किंमतीवर सांगतात. आय.टी.सी. कंपनीनें २०२४-२५ सालासाठीं एकंदर १४ रुपये ३५ पैसे लाभांश दिला. शेअरची दर्शनी किंमत १ रुपया. म्हणजे लाभांश शेंकडा १,४३५! आंकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण तो शेअर रुपयाला कोणी देत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत त्यास बाजारांत चारशेंहून अधिक रुपये पडत होते. तेव्हां घेणाऱ्याच्या पदरीं शेंकडा साडेतीनच्या आसपास पडावयाचे. आणि हेंही उत्पन्न आपल्याकडील मानानें बरें समजतात. निफ्टींतील पन्नास कंपन्यांची सरासरी अलीकडच्या वर्षांत शेंकडा १ ते दीडच्या दरम्यान राहिलेली आहे.

महिन्याला २५,००० रुपये हवे असतील तर वर्षाचे ३ लाख झाले. शेंकडा ३ या दरानें त्यास १ कोटीचें भांडवल लागेल. शिक्षकी, कारकुनी किंवा लहानशी दुकानदारी करून तेवढें भांडवल साठलेलें घर विरळा. मग या वाटेनें जावें तरी कशासाठीं? वाढीसाठीं. ठेवीचें व्याज मुदतभर तेंच राहतें. चांगल्या धंद्याचा लाभांश महागाईबरोबर चढूं शकतो. समजा, १० लाखांची ठेव शेंकडा साडेसहानें दरसाल ६५,००० रुपये देते. तेवढ्याच रकमेचे शेअर पहिल्या वर्षीं ३०,००० देतात आणि लाभांश दरसाल शेंकडा १० नें वाढतो. नवव्या वर्षीं तो ६४,३०८ होईल व दहाव्या वर्षीं ७०,७३८ होऊन व्याजास मागें टाकील. पण तोंपर्यंतच्या नऊ वर्षांत ठेववाल्यास ५,८५,००० मिळालेले असतील, तर शेअरवाल्यास सुमारें ४,०७,०००. शिवाय शेंकडा १० ची वाढ ही मानलेली गोष्ट. तिची हमी कोणी देत नाहीं. पस्तिशींतल्या माणसानें असा संग्रह सुरू करणें शहाणपणाचें आहे. पासष्टीच्या माणसानें ठेवी मोडून तो करणें धाडसाचें आहे. सल्ला देणारे बहुधा दोघांनाही एकच सल्ला देतात!

अधीर मनुष्य अशा वेळीं सर्वांत अधिक टक्के देणारी कंपनी शोधतो आणि तेथेंच चुकतो. वेदान्त कंपनीनें २०२२-२३ सालीं शेअरमागें १०१ रुपये ५० पैसे वांटले. सालअखेर शेअरचा भाव तीनशेंच्या आंत होता. तेवढें उत्पन्न कायमचें समजून ज्यांनीं शेअर घेतले, त्यांना पुढील सालीं २९ रुपये ५० पैसे मिळाले. यांत लपविलेलें कांहीं नव्हतें. धातूंचा धंदा तेजीमंदीचा, आणि प्रवर्तक कंपनीवर कर्जाचा बोजा मोठा, हें सर्वांस ठाऊक होतें. पाहणाऱ्यानें फक्त टक्के पाहिले. शेअरचा भाव पडला कीं टक्केही आपोआप फुगलेले दिसतात. उत्पन्न वाढलेलें नसतें, भागाकारांतला खालचा आंकडा तेवढा लहान झालेला असतो.

म्हणून निवड करतांना दहा वर्षांचे वार्षिक अहवाल चाळावे. मंदीच्या सालीं लाभांश टिकला काय, नफ्याच्या १०० रुपयांतून किती वांटले, हातीं आलेल्या रोकडींतून वांटले कीं कर्ज काढून, हें पाहावें. साबण-बिस्किटें करणाऱ्या कंपनीस नवी यंत्रसामुग्री थोडी लागते, ती बराचसा नफा वांटूं शकते. पोलादाच्या कारखान्यानें तसें केलें तर शंका घ्यावी. केंद्र सरकारच्या कंपन्यांनीं नफ्याच्या शेंकडा ३० किंवा निव्वळ मालमत्तेच्या शेंकडा ४, यांपैकीं जें अधिक असेल तेवढें वांटावें, असें २०२४ सालच्या सूचनांत सांगितलेलें आहे; त्यामुळें कोळसा, वीज व तेल यांचे शेअर अशा संग्रहांत हटकून दिसतात. त्यांनींच मात्र संग्रह भरूं नये. पांच-सहा निरनिराळ्या धंद्यांतल्या बारा-पंधरा कंपन्या घ्याव्या, एकींत दहाव्या हिश्शाहून अधिक पैसा नसावा, खरेदी हप्त्याहप्त्यानें व्हावी, आणि आरंभींचा लाभांश खर्ची न घालतां पुन्हां गुंतवावा.

लाभांशाच्या आदल्या दिवशीं शेअर घेऊन दुसऱ्या दिवशीं विकण्याची युक्ति कित्येकांना सुचते. हक्काची तारीख येतांच भाव साधारण तेवढाच उतरतो आणि युक्ति करणाऱ्याकडे कराची तेवढी बाब उरते. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरीत असे. १ एप्रिल २०२० पासून ही रक्कम भागधारकाच्या उत्पन्नांत मिळविली जाते. जो शेंकडा ३० च्या पायरीवर आहे, त्याच्या हातीं १०० तील ७० देखील पुरते राहत नाहींत. एका कंपनीकडून सालांत १०,००० हून अधिक लाभांश असेल तर ती शेंकडा १० कापून घेते. २०२५ च्या एप्रिलपूर्वीं ही मर्यादा ५,००० होती. पत्नीच्या नांवें शेअर घेतल्यास कर चुकतो, असा एक घरगुती समज आहे. पतीनें दिलेल्या पैशाचें उत्पन्न पतीच्याच खातीं धरलें जातें.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती नोंद. घर बदललें, बँकेची शाखा बदलली, कंपनीला कळविलें नाहीं. गृहस्थ गेले आणि कागद ट्रंकेंत राहिले. सात वर्षें न उचललेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधींत जमा होतो, आणि सलग सात वर्षें तसेंच चाललें तर शेअरही तेथें जातात. वारसांना ते परत मागतां येतात. परंतु मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, जुन्या सहीचा मेळ आणि कंपनीची पडताळणी या साऱ्यांतून जावें लागतें. शेअर डीमॅट खात्यांत असले, खात्यास वारसदाराचें नांव लावलेलें असलें आणि बँकेचें चालू खातें त्यास जोडलेलें असलें, तर मागें राहिलेल्या पत्नीस हे हेलपाटे बहुतांशीं पडत नाहींत.